‘समोरासमोर’बद्दल वाचक म्हणतात

‘दर्यावीराचे केस कधीच वाळत नाहीत. मग तो रात्री उशीवर डोकं ठेवतो तरी कसा?’ हे वाक्य वाचलं आणि दीपालीचा माउसवरचा हात तसाच राहिला. वाक्य मराठी होतं पण इंग्रजी अक्षरांत लिहिलेलं, तेव्हा सगळे लिहीत तसं, अक्षर अक्षर जुळवत वाचावं लागणारं. तिने ते दुसऱ्यांदा वाचलं, मग ओठ हलवून तिसऱ्यांदा. ऑफिसात पंखा फिरत होता. पलीकडच्या टेबलावर विमला ताळेबंदाच्या फायलीआड लोकरीचे टाके घालत होती. आंब्याचा रस डबाबंद करणाऱ्या त्या कारखान्यात मे-जूनला श्वास घ्यायला फुरसत नसे आणि ऑक्टोबरात बसून बसून पाठ धरे. परदेशातल्या गिऱ्हाइकांच्या मेलना उत्तरं द्यायची म्हणून दीपालीच्या टेबलावर इंटरनेट होतं, आणि मेल येत नसत तेव्हा तिने काय वाचावं हे कुणी विचारत नसे. जेवणाच्या सुट्टीपासून ती ‘समोरासमोर’ या पुस्तकाबद्दलचे वाचकांचे अभिप्राय वाचत होती. पुस्तक तिने एसटी स्टँडवरच्या स्टॉलवरून घेतलं होतं. एकोणतीस वर्षांच्या बाईने चित्रांचं पुस्तक घ्यायचं म्हणून ‘भाच्यासाठी’ असं उगाचच सांगून. तिला भाचा नव्हता.

तिमिर आणि दर्यावीर, एकाच मुंबईच्या प्रकाशकाचे दोन नायक, इतकी वर्षं आपापल्या अंकांत वेगवेगळे राहिले होते. तिमिर शहरातला. दिवे गेले, कुणी संकटात सापडलं की काळ्या झग्यात येणारा, काम झालं की एक शब्द न बोलता जाणारा. दर्यावीर समुद्रातला, हिरवा, हसरा, बडबड्या, केसांतून सतत पाणी निथळणारा. दोघांना पहिल्यांदाच एका गोष्टीत आणलं होतं, आणि त्या सगळ्या अंकांचा एकत्र जाडजूड ग्रंथ काढला होता. प्रकाशकाच्या वेबसाइटवर ‘वाचक म्हणतात’ असं एक पान होतं. नागपूरच्या कुणाला कागद हलका वाटला होता. इचलकरंजीच्या एकाने तिमिरच्या झग्याची किनार तिसऱ्या प्रकरणात जांभळी का, म्हणून जाब विचारला होता. बऱ्याच जणांचा राग एकाच गोष्टीवर होता, की दोघांची झुंज लावली आणि दोघांनाही सारखंच जिंकवलं. ‘दोन्हीकडची गिऱ्हाइकं सांभाळली,’ असं एकाने लिहिलं होतं, आणि दीपालीला ते इतकं पटलं की ती विमलाला सांगायला वळलीही होती. मग विमलाला यातलं काय कळणार, म्हणून गप्प बसली. सगळ्यांना आवडलेली जागा मात्र एकच होती. दर्यावीर कोरड्या कातळावर पडतो, त्याची शक्ती जाते, श्वास तुटत जातो, आणि त्याचा वैरी मानलेला तिमिर येऊन त्याला खांद्यावर घेतो. ते पान वाचताना दीपालीच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. म्हणूनच तर ती या वेबसाइटवर आली होती. आपल्यासारखं आणखी कुणाला झालं का, ते बघायला.

आणि तिथे, ‘ओले केस’ अशा नावाखाली, ते उशीचं वाक्य. ते चौथीतलं होतं. पोफळीची वसाहत सोडून आप्पा रत्नागिरीत बदलून आले तेव्हा दीपाली वर्गात नवी होती. पोफळीला डोंगराच्या पोटातल्या वीजघराची घरघर कानात इतकी मुरलेली, की इथली शांतता तिला बहिरेपणासारखी वाटे. मधल्या सुट्टीत ती एकटीच बाकावर बसायची. दोन वेण्यांची, दात पुढे असलेली एक मुलगी शेजारी येऊन धपकन बसली आणि तिच्या हातातल्या अंकाकडे बघून म्हणाली, “तुझा तिमिर होय? माझा दर्यावीर. पण एक सांग गो, त्याचे केस कधीच वाळत नाहीत, मग उशी भिजत नाय त्याची?” दीपाली त्या गावात पहिल्यांदा हसली ती तेव्हा. अमरीन. मांडवीच्या अकबर सारंगांची धाकटी. त्यानंतर वीस वर्षं दोघींमध्ये हे वाक्य कितीदा आलं-गेलं असेल. कुणी रडून उठलं की ‘उशी भिजली काय?’ एवढंच विचारायचं. जगात ते दुसऱ्या कुणाला माहीत असणं शक्यच नव्हतं. म्हणजे ही अमरीनच. दीपालीला आधी झाला तो आनंदच. बहारीनमध्ये बसून तिनेही हेच पुस्तक मिळवलं, वाचलं! तिने खुर्ची पुढे ओढली आणि उरलेला अभिप्राय वाचायला घेतला.

‘हे पुस्तक मी मांडवीला आमच्या गच्चीवर बसून वाचलं,’ असं पुढे होतं. ‘सगळे त्या कातळावरच्या प्रसंगाचं कौतुक करतात. मला तो वाचून भीती वाटली. चित्र नीट बघा. आजवरच्या एकाही अंकात तिमिरचे दात दिसलेले नाहीत. इथे दिसतात. दर्यावीर मरायला टेकलाय आणि तिमिर हसतोय. चित्रकाराच्या हातून खरं काय ते निघून गेलंय. तिमिरला माणसं आवडत नाहीत, पडलेली माणसं आवडतात. दर्यावीर पाण्यात मजेत पोहत होता तेव्हा हा कुठे होता? माझी एक मैत्रीण होती, तिमिरची भक्त. माझ्या वाईट दिवसांत ती माझ्या उशाशी बसली. चांगल्या दिवसांत ती कुठे होती ते मला आठवतच नाही. मी परत आलेय हे मी तिला कळवलेलं नाही. कळवलं तर ती धावत येईल.’ खाली तारीख होती. जुलैची.

दीपालीने पान बंद केलं. मग पुन्हा उघडलं. अक्षरं तीच होती. “काय झालं गो?” विमलाने विचारलं. “चेहरा का असा केलास?” “काय नाही. डोळे दुखतायत.” मांडवीला, आमच्या गच्चीवर. ते घर तर बंद होतं. अकबरचाचा गेल्यानंतर काही वर्षांनी हफीजाचाची मोठ्या मुलाकडे मुंब्र्याला गेली आणि तेव्हापासून मांडवीच्या त्या गल्लीत वळायचं दीपालीला काही कारण उरलं नव्हतं. आणि अमरीन तर लग्न होऊन बहारीनला. दर पंधरवड्याला तिचा मेल येत होता. गेल्या आठवड्यातसुद्धा आला होता. दीपालीने आपली मेलपेटी उघडली आणि मागे मागे जायला लागली. ‘इथं उकाड्याने जीव जातोय, एसीतून बाहेर पडवत नाही.’ ऑगस्टचा. ‘आयात आता पळायला लागली, पण इथे पळायला जागा कुठाय?’ जूनचा, लेकीबद्दलचा. आणि जुलैचा, तो अभिप्राय लिहिला त्याच्या पुढेमागेच: ‘तुमच्याकडे पाऊस असेल ना गो? मला मांडवीचा पाऊस लिहून पाठव. सगळा लिही, काही सोडू नको.’

आणि तिने लिहिला होता. नुसता लिहिला नव्हता. आठवणीतून लिहिलेलं अमरीन ओळखेल, म्हणून एका रविवारी छत्री घेऊन ती मुद्दाम मांडवीच्या धक्क्यावर गेली होती. वाऱ्याने उभं राहवत नव्हतं. धक्क्यावर चिटपाखरू नव्हतं. भगवती बंदराकडचा डोंगर पुसून गेला होता, लाटा दगडांवर फुटून पाणी रस्त्यापर्यंत येत होतं, आणि ती तिथे खांबाला धरून उभी राहून मनातल्या मनात शब्द जुळवत होती: समुद्राचा रंग चहाच्या गाळासारखा, पावसाचा आवाज पत्र्यावर वेगळा आणि वाळूत वेगळा. दुसऱ्या दिवशी ऑफिसात साहेब बाहेर गेल्यावर तिने ते सगळं टाइप केलं. पायातली चप्पल वाहून जाता जाता कशी धरली तेही. अमरीनचं उत्तर आलं होतं, ‘वाचून रडले.’ हे ‘वाचून रडले’ दीपालीने कितीतरी दिवस उराशी धरलं होतं. आता ते तिला नुसतं आठवलं तरी कानाच्या पाळ्या तापत होत्या. त्या गच्चीवरून धक्का दिसतो. लहानपणी त्याच गच्चीवरून दोघी अकबरचाचांच्या लाँचची वाट बघत.

संध्याकाळी घरी आली तर आप्पा पडवीत पेपर वाचत बसले होते. “दीपे, चहा टाकतेस?” म्हणाले. तिने टाकला. चहा उकळत असताना तिने पिशवीतून पुस्तक काढलं, ओट्याशी उभ्या उभ्याच ते पान उघडलं. दात होते. बारीक पांढरी रेघ, काळ्या चेहऱ्यात. छापताना उडालेला ठिपकाही असू शकेल, असं तिने स्वतःला सांगितलं आणि पान दिव्याकडे तिरकं धरलं. ठिपका नव्हता. चहा उतू गेला. पडलेली माणसं आवडतात. कुणाबद्दल हे? अकबरचाचा लाँचवरच छातीत कळ येऊन गेले तेव्हा कॉलेजचं दुसरं वर्ष होतं. दीपाली त्या घरात राहिली होती. अमरीन जेवत नव्हती, तर हिने भाताचे घास करून तिला भरवले होते, तिच्या केसांतल्या गाठी सोडवल्या होत्या, रात्री ती दचकली की पाठीवर हात ठेवला होता. आजूबाजूच्या बायका हफीजाचाचीला म्हणत होत्या, ‘सख्खी बहीण नाय करायची एवढं करते ही पोर.’ आपल्या सगळ्या आयुष्यात आपण काही केलं असेल तर ते एवढंच, असं दीपालीला वाटत आलं होतं. आई लवकर गेली, नोकरी अशी मिळाली, लग्न जमता जमता दोनदा फिसकटलं, पण ते दिवस होते. आणि ते कुणी काढून घेऊ शकत नव्हतं. आता तेच कुणीतरी उलटं करून तिच्या हातात दिलं होतं. त्या घासांच्या वेळी आपला चेहरा कसा होता? तो तिने पाहिलेला नव्हता. अमरीनने पाहिला होता.

आणि चांगले दिवस? अमरीनला चित्रकलेचं राज्य पातळीवरचं बक्षीस मिळालं तेव्हा सत्कार होता शाळेत. दीपाली गेली नव्हती. पण तिला ताप होता! खरा ताप, काखेत थर्मामीटर लावून बघितलेला. “आप्पा,” ती चहाचा कप ठेवताना म्हणाली, “मला सातवीत ताप आला होता ना हो? अमरीनच्या बक्षिसाच्या वेळी?” आप्पांनी चष्म्यावरून बघितलं. “सातवीत? तुला लहानपणी सारखाच यायचा ताप. का गो?” “सहज.” अमरीनच्या निकाहच्या दिवशी तर ती सकाळपासून हजर होती. जेवणावळीच्या पंक्तींत वाढलंसुद्धा. मग अमरीन गाडीत बसताना ती कुठे होती? ती मागच्या दारी भांडी मोजून घेत होती. कुणीतरी ते करायला हवंच होतं. सगळं असं होतं. प्रत्येक गोष्टीला कारण होतं आणि प्रत्येक कारण खरं होतं, आणि तरी ती त्यांची ओळ लावत बसली होती, न्यायालयात उभं केल्यासारखी. या गोष्टीचा तिला सगळ्यात जास्त राग आला. चोरून परत यायचं, खोटे मेल पाठवायचे, चारचौघांत, नागपूर-इचलकरंजीच्या परक्या माणसांसमोर आपल्या वीस वर्षांचा निकाल लावायचा, आणि वर सफाई द्यायची ती आपणच?

रविवारी दुपारी ती मांडवीला गेली. ऊन कडक होतं, समुद्र निळाशार आणि निर्लज्जासारखा शांत. गल्लीच्या तोंडाशी सुकट वाळत घातलं होतं. त्या घराला नवा हिरवा रंग दिला होता, म्हणजे कुणी आठ-पंधरा दिवसांसाठी आलेलं नव्हतं. दार हफीजाचाचीने उघडलं, म्हणजे तीही मुंब्र्याहून परत आली होती. ती खूप म्हातारी झाली होती. क्षणभर तिने डोळ्यांवर हात धरून पाहिलं, आणि मग तोंडभरून हसली. “दीपाली? ये गो माझी बाय! किती दिसांनी! मी रोज विचारते अमरीनला, दीपाली कशी नाय आली? तर बोलते, कामात असेल.” आणि आत वळून हळू आवाजात म्हणाली, “अमरीन, बघ कोण आलंय. हळू बोला हां, पोर आत्ताच झोपलंय.”

अमरीन ओटीवरच्या बैठकीवर कपड्यांच्या घड्या घालत बसली होती. बाजूला पाळण्यात आयात झोपलेली. दीपालीला बघून तिच्या हातातला फ्रॉक तसाच राहिला. ती जाड झाली होती, डोळ्यांखाली काळं आलं होतं. दीपालीला येताना रस्त्यात खूप बोलायचं सुचलं होतं, ओरडून बोलायचं. पण मध्ये पाळणा होता. ती समोरच्या खुर्चीवर बसली आणि कुजबुजल्यासारखी म्हणाली, “केव्हा आलीस?”

“मेमध्ये.”

“आणि बहारीनचा उकाडा?”

अमरीनने मान खाली घातली. आत चाचीने स्टो पेटवल्याचा आवाज आला.

“मी वाचलं,” दीपाली म्हणाली. “वेबसाइटवरचं.”

अमरीनने फ्रॉकची घडी घातली, मोडली, परत घातली. “तू वाचशील असं वाटलं नव्हतं गो मला. तुला असलं कायबाय वाचायला वेळ कुठला, म्हटलं.”

“एवढंच? मी वाचेन असं वाटलं नाही, एवढंच?”

“मग काय बोलू? खोटं लिहिलं असं बोलू?”

पाळण्यात आयात चाळवली. दोघींनीही एकाच वेळी पाळण्याच्या दोरीकडे हात नेला, आणि दीपालीने आपला मागे घेतला. अमरीनने दोन झोके दिले. मग पाळण्याकडेच बघत, त्याच लयीत, ती बोलायला लागली. नवऱ्याचं तिथे दुसरं बिऱ्हाड होतं. नंतरचं नव्हे, हिच्या आधीपासूनचं. तीन मुलं होती. तिथल्या सगळ्यांना माहीत होतं, शेजारणींनासुद्धा. हिला कळलं ते एका वाढदिवसाच्या फोटोवरून. भांडली नाही, रडली नाही, आयातला उचललं आणि विमानात बसली. “इथं उतरले ना, तेव्हा पहिली तूच आठवलीस,” ती म्हणाली. “खरंच सांगते. रिक्षावाल्याला तुझ्याच घराचा पत्ता सांगणार होते. मग वाटलं, आता ही मला भरवेल. केस विंचरील. आणि मी परत तशीच होईन, अब्बा गेले तेव्हासारखी. तेव्हा मला उठायला वर्ष लागलं होतं गो. तुला आठवत नाय. तुला ते दिवस फार छान आठवतात, तू नेहमी सांगतेस.”

“पाऊस कशाला लिहायला लावलास मग?” दीपालीचा आवाज चिरकला. तिने तो पुन्हा खाली आणला. “मी इथे धक्क्यावर येऊन उभी राहिले, अमरीन. तुझ्यासाठी. त्या वाऱ्यात.”

“माहीताय. मी बघितलं तुला.” अमरीनने पहिल्यांदा मान वर केली. “गच्चीवरून. छत्री उलटी झाली होती तुझी. चप्पल धरायला तू वाकलीस तेव्हा मी इथून ओरडणारच होते, दीपे सोड ती चप्पल! तोंडाशी आलं होतं.”

“मग का नाही ओरडलीस?”

“ओरडले असते तर तू वर आली असतीस.”

दीपालीला वाटलं, आपण आता उठावं आणि चालू लागावं. तेवढ्यातच अमरीनचा चेहरा मोडला. आवाज न करता ती रडायला लागली, पोर उठू नये म्हणून ओढणीचा बोळा तोंडात धरून, खांदे गदगदत. आणि दीपालीचं अंग आपोआप पुढे झुकलं. पोटातून काहीतरी ऊबदार वर येत होतं, ओळखीचं, हातांना काय करायचं ते शिकवणारं: आता उठ, शेजारी बस, डोकं खांद्यावर घे. किती सोपं होतं ते नेहमी. आजवर तिने त्याला प्रेम म्हटलं होतं, आणि आत्ताही तिला दुसरा शब्द सुचत नव्हता. पण ते येत असतानाच ती स्वतःकडे बघत होती, चेहऱ्याचा एकेक स्नायू चाचपत होती. उठलो तर हिने लिहिलं ते खरं ठरतं. नाही उठलो तर समोर रडणाऱ्या माणसाकडे नुसती बघत बसणारी बाई ठरतो. तो सोपेपणा तिच्या हातून कायमचा नेलेला होता, आणि नेणारीच समोर बसून रडत होती. दीपाली खुर्चीच्या कडेवर अर्धवट झुकून तशीच राहिली, हात गुडघ्यांवर दाबून.

“दीपाली,” आतून हफीजाचाचीची हाक आली, हळूच, “तिला पानी दे गो. तांब्या थयंच हाय तुझ्याकडं. रोज असं करते ही. तू आलीस आता, बरं झालं.”

तांब्या खरंच खुर्चीजवळच्या तिपाईवर होता, वर पेला उपडा घातलेला. दीपालीने पाणी ओतलं. थोडं सांडलं. पेला घेऊन ती उठली, पाळण्यापर्यंत गेली आणि तिथे थांबली. अमरीनने ओढणीतून वर पाहिलं. त्या नजरेत विनवणी होती की पहारा होता, ते दीपालीला ठरवता आलं नाही, आणि अमरीनलाही ते माहीत असेल असं वाटलं नाही. तिने वाकून पेला जमिनीवर ठेवला, अमरीनचा हात पोचेल इतक्या अंतरावर, आणि परत येऊन आपल्या जागी बसली. आत तेलात कांदा पडल्याचा चर्र आवाज झाला. चाची विचारत होती, जेवून जाशील ना गो?